अण्णांनी जाळलेली पत्रं

सीमाभागात मराठी पत्र पोचत नाही तेव्हा त्यामागे नेहमी इतिहास असतो. निदान आमच्या वाचनालयाच्या समितीला पत्र न पोचण्याचं याहून लहान कारण मान्य होत नाही.

यंदा गावच्या साहित्य संमेलनाला निपाणीच्या एका वयोवृद्ध कवींना अध्यक्ष म्हणून बोलवायचं ठरलं. ठरवलं ते वाचनालयाच्या चिटणीसांनी, म्हणजे अण्णांनी. गेली काही वर्षं मंडपाचा खर्च जो उचलेल तो अध्यक्ष, अशी आमची वाङ्मयीन परंपरा होती. एकदा तरी त्या खुर्चीत कविता लिहिलेला माणूस बसावा, एवढीच अण्णांची इच्छा. निमंत्रण मेलने गेलं आणि उत्तर येईना. कवींना ऐकायला कमी येतं, त्यामुळे ते फोन घेत नाहीत. पत्रिका दुसऱ्या दिवशी खासबागच्या छापखान्यात जायची होती, आणि पिरनवाडीचे एक बिल्डर आपला फोटो घेऊन तयारच होते.

बैठकीत खजिनदार आप्पांनी निदान केलं. "मराठी मेल हाय. बेंगळुरातच आडवला आसणार. सर्व्हर तिकडंच की."

निषेधाचा ठराव तिथल्या तिथे लिहायला घेतला गेला. यात आमची समिती तरबेज आहे.

"निपाणी कितीशी लांब आहे? जाऊन विचारू," मी म्हणालो.

"आन् नको म्हणाले आसतील तर?" अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला त्ये तोंडावर म्हणायला लावायचं व्हय रं?"

मी नोकरीत मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणून वाचनालयाचा मेलही माझ्याच गळ्यात आहे. नको असलेला मेल दोन ठिकाणी अडवता येतो. एक सर्व्हरवर, म्हणजे गावच्या वेशीवर. तिथला राखणदार सगळ्यांना एकच नियम लावतो. दुसरी जागा ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे घराच्या उंबऱ्याशी. तिथला राखणदार मालक कुणाला हाकलतो ते बघून शिकतो. वेशीवरचा चुकला तर सगळं गाव बोंब मारतं. उंबऱ्याशी बसलेला चुकला तर पाहुणा आलाच नाही म्हणून लोक पाहुण्याला नावं ठेवतात.

सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. कवींचं उत्तर बरेच दिवस आधी विनाअडथळा आत आलं होतं. तसं सांगितल्यावर आप्पांचा चेहरा पडला.

"मग आन्याव कुठं झाला?"

तो शोधायला आम्ही अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्पॅमचा कप्पा उघडला, तर तिथे कवींचे मेल ओळीने निजलेले. वाचून झालेले सगळे निधनवार्तांचे. कवींचं वय असं आहे की परिचितांना कळवायला दुसरं फारसं काही नसतं.

"अण्णा, हे सगळं तुम्ही इथं टाकलंत?"

"टाकलं न्हाय. जाळलं." अण्णांनी चष्मा पुसला. "मयताचं पत्र वाचल्यावर घरात ठेवत्यात व्हय? कार्ड यायचं तवा फाडत हुतो. ह्यात फाडायचं बटण न्हाय. जाळायचं हाय."

त्यांनी बटण दाखवलं. 'हा मेल स्पॅम आहे' असं सांगण्याच्या त्या बटणावर खरोखरच एका छोट्या ज्योतीचं चित्र होतं. अण्णांनी प्रत्येक मृताला रीतसर अग्नी दिला होता, आणि मेलचा प्रोग्राम शेजारी बसून शिकला होता की निपाणीहून येतं ते सगळं जाळायचं असतं.

त्या सगळ्यांच्या वर, अजून कुणी न उघडलेलं, कवींचं उत्तर होतं. अण्णांनी ते उभ्यानेच वाचलं. "येतो. भाषण लहान करीन. शाल नको, घरात चार आहेत."

"छापखान्याला फोन लाव," ते म्हणाले. "बिल्डरला स्वागताध्यक्ष करू. फोटो ऱ्हाऊ दे त्येचा."

यापुढे असे मेल डिलीट करा, असं मी सुचवलं. त्या बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे.

"मयताचं पत्र कचऱ्यात टाकू? तुला काय वाटतंय का न्हाय रं?"

शेवटी मीच माघार घेतली. त्यांच्या प्रोग्रामचं शिकणं बंद केलं आणि निवडानिवड सगळी सर्व्हरवर सोपवली. अण्णा अजून जाळतात. त्यातून आता कुणी काही शिकत नाही.

निषेधाचा ठराव लिहून झालेलाच होता. लिहिलेला ठराव वाया घालवायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून तो संमेलनात मंजूर झाला. त्याआधी आप्पांनी कवींच्या कानाशी ओरडून घडलेली हकिकत सांगितली. तिच्यात बटण नव्हतं. कवी भाषणाला उभे राहिले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, की दोन राज्यांच्या ओढाताणीत त्यांचा शब्द अडला होता, पण मराठी शब्दाने या सीमेला आजवर कधी जुमानलं नाही. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. अण्णांनी डोळे पुसले.

आमचा सर्व्हर सिंगापूरला आहे.