रोबोटच्या गुडघ्याला तेल

माझं शिवणाचं दुकान वरठी गावात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि मागेच घर. चार मशिनी, एक इस्त्री आणि दुपारी शिकायला येणाऱ्या पाच-सहा पोरी. कुठलीही वस्तू हाती आली की मी ती आधी उलटी करून बघते. लग्नाला गेले तरी नवरीच्या ब्लाऊजची आतली शिवण दिसते का, इकडेच माझं लक्ष. घरचे याला खोड म्हणतात, मी धंदा म्हणते. वरून सगळंच चकाचक असतं, माल कळतो तो आतून.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. ही खोड तिनं माझ्याकडून उचलली आणि वर एका वहीची भर घातली. वहीत ती दिसेल त्या वस्तूला मार्क द्यायची. कंपासपेटीचं झाकण, डब्याची कडी, बापाच्या मोटरसायकलचा स्टँड. स्टँडला दहापैकी तीन मिळाले तेव्हा बापानं दोन दिवस तोंड फुगवलं होतं. प्रत्येक पानावर तीन रकाने असत: भाग, मार्क, कुठं बनलं.

त्या वर्षी भाऊबीजेला तिच्या नागपूरच्या मामानं एक रोबोट आणला. वळवला, दुमडला की त्याचा ट्रक व्हायचा. मी म्हटलं, प्लास्टिकचं खेळणं, आठ दिवसांत कोपऱ्यात जाईल. पण एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी तो हातात घेतला आणि तासभर खाली ठेवला नाही. छाती उघडली की ट्रकची काच आत वळायची. चाकं पोटऱ्यांत जाऊन बसायची. मागच्या डब्याचे दोन भाग होऊन तेच पाय. ट्रकमधलं काही उरायचं नाही, रोबोटमध्ये काही कमी पडायचं नाही. कापड बेतताना चिंधीसुद्धा वाया जाऊ न देणारा एखादाच शिंपी असतो, तसला कोणीतरी हे बेतायला बसला असणार. मी कुणाच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही. याला म्हटलं.

मुलीचा हात माझ्यापेक्षा कडक. खांद्याला नऊ, चाकांना आठ. पाठीला पाच, कारण "ट्रकचं टप पाठीवर दप्तरासारखं लटकून राहते." आणि गुडघ्याला चार, कारण तो फार घट्ट होता, दोन्ही हात लावल्याशिवाय वाकत नसे. तिसऱ्या रकान्यात तिनं रोबोटच्या तळव्यावर बारीक अक्षरांत छापलेलं परक्या देशाचं नाव उतरवून घेतलं.

तिच्या शाळेत शनिवारी दप्तर नसायचं. मुलांनी एकेक वस्तू आणायची आणि ती चांगली की वाईट, आणि का, हे वर्गापुढे सांगायचं. पावसाळ्यात तिनं छत्री नेली होती. छत्री ऐन वेळी उघडलीच नाही आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिनं वर्गात हात वर करणं सोडलं. घरी पटपट बोलणारी पोर शाळेत मुकी झाली, हे मला तिच्या सरांनी सांगितलं होतं. आता या रोबोटमुळे तिनं स्वतःहून नाव दिलं होतं. शेवटी ती त्याला एका पायावर उभा करणार होती. सरांना विचारून तिनं मलाही बोलावलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती दळण आणायला गेली. रोबोट मशीनवर होता आणि शेजारी माझी तेलाची कुपी. माझा हात शिवशिवला. घट्ट चालतं म्हणजे तेल मागतं, वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला याहून वेगळं काय सुचणार? गुडघ्यात दोन थेंब सोडले. गुडघा लोण्यासारखा वळू लागला. मी खूश. मग दुसरा गुडघा, मग कंबर. चाराचे नऊ करून दिले पोरीला, असं मनाशी म्हणत मी भात टाकायला गेले.

शुक्रवारी सकाळी तिनं रोबोट टेबलावर उभा केला. तो बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. एका पायाचं तर सोडाच, दोन पायांवर त्याला उभं राहवेना.

"आई, तू याले काही केलं का?"

"थोडं तेल दिलं."

"काहून?"

का दिलं ते सांगण्याऐवजी मी कुपी उचलून मशीनच्या खणात ठेवली. ती रडली नाही, ओरडली नाही. वही काढून तिनं गुडघ्यापुढचा चार खोडला, शून्य लिहिलं आणि शाळेत निघून गेली. त्यापेक्षा ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

नवरा स्टीलच्या प्लांटमधून रात्रपाळी करून आला. त्यानं रोबोट बघितला, चहाचे दोन घोट घेतले आणि तोडगा सांगितला. "गोंद भर गुडघ्यात. तो उभा तर राहीन."

"मग ट्रक कोण होणार, तुम्ही?" मी म्हटलं. तो झोपायला गेला.

दुपारी शिकणाऱ्या पोरी आल्या. त्यांतली एक नवीन होती. तिच्या टिपेखाली धाग्याचे नुसते झुपके येत होते. मी जवळ जाऊन बघितलं तर वरचा धागा ज्या दोन चकत्यांमध्ये दबून पुढे जातो, त्या चकत्या तेलानं चमकत होत्या.

"इथं तेल कोणं देल्लं?" मी आवाज चढवला. "पहिल्या दिवशी काय सांगतलं होतं तुमाले? मशीनले सगळीकडं तेल द्या, पण इथं देऊ नका. हे फिराले नाही, धरून ठेवाले आहे. इथं तेल गेलं का धागा सुटला, अन् धागा सुटला का..."

वाक्य तसंच सोडून मी टेबलावरचा रोबोट उचलून आणला. गुडघा फिरण्यासाठी नव्हताच मुळी. तो धरून ठेवण्यासाठी होता. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला धडा मीच विसरले होते, आणि आता वर त्या नव्या पोरीला झापत होते. मी तिची माफी मागितली. ती इतकी घाबरली की तिला वाटलं हीसुद्धा शिक्षाच.

मग माझा जीव हलका झाला, कारण दुखणं कळलं होतं. साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या ब्रशनं सांधे घासले, पुन्हा घासले आणि रोबोट गच्चीवर उन्हात ठेवला. तेल गेलं, पण घासून घासून सांधा आता थोडा ढिला लागत होता. कुठंतरी केसाएवढी जाडी वाढवायला हवी होती. गोंद नको, कापड फुगेल, कागद फाटेल. लग्न ठरलेली एक पोर मशीनवर बसून हे सगळं ऐकत होती. तिच्या पर्समध्ये नेलपॉलिश होतं. गुलाबी.

"बाई, हे चालन का?"

एकेका सांध्याची गोळी खोबणीतून काढली आणि तिच्यावर एकदम पातळ हात दिला. वाळू दिला. दुसरा हात. वाळू दिला. तिसरा. पाचही पोरी शिवण सोडून भोवती गोळा झाल्या होत्या, आणि मी कुणाला हटकलं नाही.

बॉबिन केस, म्हणजे खालच्या धाग्याची डबी, बरोबर कसली आहे की नाही, याची आमची एक परीक्षा असते. तिला धाग्यानं हवेत लोंबकळू द्यायचं. आपल्या वजनानं ती खाली घसरायला नको. पण हाताला हलका झटका दिला तर बोटभर उतरून पुन्हा थांबायला हवी. घसरली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. मी रोबोटचा पाय आडवा धरला आणि सोडून दिला. पाय जागेवरच राहिला. मग एका बोटानं टिचकी मारली. पाय थोडा उतरला आणि थांबला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या लग्नातला ब्लाऊज अंगाला चपखल बसल्यावर जितका आनंद मला झाला नसेल, तितका त्या टिचकीनं झाला.

मुलगी पाच वाजता आली. मी रोबोट तिच्यापुढे ठेवला. तिनं पाय आडवा धरून सोडला, टिचकी मारली. ही परीक्षा तिला माझ्याच दुकानात बसून पाठ झाली होती. मग गुडघा उघडून आत डोकावली.

"गुलाबी?"

"आतून आहे. दिसत नाही."

"तूच म्हनते ना, आतूनच पाहाव."

"मंग पाह्य ना. कुठं ओघळ आहे का?"

तिनं नीट बघितलं. ओघळ नव्हता. "उद्या पाहू," एवढंच म्हणून ती हात धुवायला गेली.

शनिवारी मी वर्गात मागच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावत नव्हते. ती पुढे गेली, ट्रक टेबलावर ठेवला आणि एकही टप्पा न चुकता त्याचा रोबोट केला. प्रत्येक भागाचे मार्क सांगितले आणि का तेही सांगितलं. आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापला, नंतर नाही. मग तिनं रोबोटचा एक पाय मागे उचलला आणि हात सोडला. तो उभा राहिला.

सर सावकाश टेबलाजवळ आले. "जोरात हलवलं तर?"

"हलवा ना, सर."

सरांनी टेबलाला धक्का दिला. रोबोट डुलला आणि उभाच राहिला. वर्ग हसला नाही, वर्गानं आरडाओरडा केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मग तिनं तेलाची सगळी गोष्ट सांगून टाकली, माझं नाव घालून, मागे मी बसलेली असताना. गुडघा उघडून गुलाबी रंगही दाखवला. "मले वाटलं होतं घट्ट म्हनजे खराब," ती म्हणाली. "माह्या आईलेही तसंच वाटलं. आमचं दोघींचंही चुकलं." पोरं मागे वळून माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घातली नाही.

घरी आल्यावर ती अभ्यासाला बसली तेव्हा वही उघडीच पडली होती. मी वाकून बघितलं. शून्य खोडून त्याच्याखाली नवी ओळ लिहिली होती. गुडघा. दहापैकी दहा. कुठं बनलं: वरठी.