धापटेकडीचा गोमाशेठ

गोमाशेठला बसलेला मी कधी पाहिला नाही. स्वतःचं हॉटेल, स्वतःची बाकडी, पण हा माणूस चहासुद्धा चालता चालता प्यायचा. बशी डाव्या हातात धरून एक घोट चुलीपाशी, दुसरा दारात आणि तिसरा थेट टेकडीच्या कडेला. तिथून रस्त्याचं खालचं वळण दिसायचं. गाडी दिसली नाही की हा बेचैन, आणि दिसली की त्याहून बेचैन. "आयली, आयली! जने, चुलीवर दूध चरव!" असं बायकोला ओरडून सांगत आत पळायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो शेठ, जरा टेका की कुठे तरी! तुम्हाला बघून आम्हालाच दम लागतो." तर म्हणाला, "डायवर, माजा अर्दा जलम मिठागरात गेला. तिथं बसाला जागा व्हती कुटं? खाली सगला खारा पानी. आता बूडच टेकत नाय." गाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मी तेव्हा पनवेल-पेण गाडीवर ड्रायव्हर होतो. गाड्या जुन्या, माझं डोकं गरम आणि रस्ता तर विचारू नका. पनवेल सोडून थोडं पुढे गेलं की या टेकडीचा चढ लागे. गाडी वर पोचेपर्यंत रेडिएटर उकळायचा, बॉनेटमधून वाफ निघायची, म्हणून आमच्याकडे सगळेच तिला धापटेकडी म्हणत. वर गेल्यावर गाडी थांबवणं भागच होतं. ती निवेपर्यंत माणसं खाली उतरत आणि समोरच गोमाशेठचं हॉटेल.

ते त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सुरू केलं. आधी नुसती झावळ्यांची पडवी आणि पाण्याची दोन पिंपं. लष्कराचे ट्रक चढ चढून आले की तो पिंपातलं पाणी द्यायचा, आणि ट्रक निवत असताना सोल्जरांना चहा. त्याआधी मिठागर सोडून तो मुंबईत एका चहावाल्याकडे कामाला होता, तिथला हात त्याने इथे आणला. पाण्याची विहीर मात्र टेकडीच्या पायथ्याशी. त्याची बायको, जनीवहिनी, डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेऊन दिवसभर चढउतार करायची. पुढे कौलं आली, बाकडी आली, पाणी वाहायला एक गाढव आलं. तोवर गोमाचा गोमाशेठ झाला होता.

आणि जागा काय होती महाराजा! एका बाजूला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, मागे प्रबळगड, आणि पश्चिमेला खाडीपर्यंत चकाकणारी मिठागरं. खाली पनवेलला घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी वर वारा असायचाच. त्या वाऱ्यात बसून गरम कांदाभजी, तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी खायची. रविवारी मुंबईचे लोक मोटारी घेऊन केवळ त्यासाठी यायचे. पनवेलातले मियांभाई व्यापारी म्हणायचे, "गोमाशेठ, माशाल्ला, जन्नत में दुकान लगाई है!" तो खूश व्हायचा, पण लगेच कडेला जाऊन वळणाकडे बघून यायचा. एका मुंबईकराने चहाचं कौतुक केलं, तेव्हा गोमाशेठ त्याला म्हणाला, "सायेब, चाय तर कुटंपन मिलल. आमी वारा इकतो. चाय त्याच्यावर फुकट."

मुंबईहून त्याने आणखी एक गोष्ट आणली होती. 'कटिंग' हा शब्द. अर्धा ग्लास चहा म्हणजे कटिंग, हे आमच्या भागात तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पनवेलात कटिंग म्हणजे न्हाव्याकडचं. हॉटेलात पहिल्यांदा आलेला माणूस "कटिंग देऊ काय?" ऐकून डोक्यावरून हात फिरवायचा. गोमाशेठला त्याची भारी मजा वाटे. तो शब्द आपल्या मालकीचा असल्यासारखाच तो वापरायचा.

त्याच शब्दाने त्याचा घात केला. एके वर्षी दिवाळीनंतर टेकडीवर रस्त्याचे साहेब आले. तिकाटण्यावर दुर्बीण, साखळ्या धरलेली माणसं, रोवायला लाल झेंड्या. गोमाशेठ धावला, "काय देऊ सायेब?" साहेबांचा डोळा दुर्बिणीला होता. ते आपल्या हाताखालच्या माणसाला म्हणाले, "लिहा, इथे कटिंग. पूर्ण टेकडीभर." गोमाशेठला वाटलं, टेकडीवरच्या सगळ्या माणसांना कटिंग सांगितलं! त्याने ताबडतोब ट्रे भरला आणि पार खालच्या झेंडीपर्यंत चहा पोचवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. ती माणसं होती तोवर एकही दिवस त्याने चुकवला नाही. कोणी पैसे पुढे केले तर म्हणे, "सरकारी मानूस माज्या टेकरीवर आला, त्याचा पैसा कसा घेऊ?"

मला तो मोठ्या उत्साहाने सांगायचा, "डायवर, सायबाला आपली कटिंग लय आवरली. आता बग, हितं गारीचा मोटा ठेसन व्हनार."

मला मात्र डेपोत खरी बातमी कळली. टेकडी मधोमध फोडून रस्ता सपाट नेणार होते. चढ जाणार, वळण जाणार. डेपोत सगळे ड्रायव्हर खूश होते आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं, कारण त्या चढावर माझी हाडं खिळखिळी झाली होती. पण गोमाशेठला सांगणार कोण? मीच सांगितलं. दुसऱ्या खेपेला गाडी निवत ठेवली आणि त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "शेठ, साहेबांची कटिंग म्हणजे चहा नव्हे. टेकडी कापायला कटिंग म्हणतात. तुमची टेकडी कापणार आहेत. हॉटेल राहील वर, रस्ता जाईल खालून."

त्याच्या हातात ट्रे होता, खालच्या झेंडीकडे निघालेला. तो ट्रे घेऊन परत चुलीपाशी गेला, सगळे अर्धे ग्लास काठोकाठ भरले आणि घेऊन गेला खाली. वर आल्यावर जनीवहिनींना म्हणाला, "आजपासून या टेकरीवर कटिंग नाय. ज्याला पायजे त्यानं फुल घ्यावा." कोणी चुकून कटिंग मागितली तर एरवी हसतमुख असलेला हा माणूस अंगावर धावून जायचा. बिचारी गिऱ्हाइकं चक्रावून जात.

मग सुरुंग सुरू झाले. स्फोट झाला की कौलं हलायची, बरणीतल्या बिस्किटांवर धूळ बसायची. गोमाशेठ दिवसभर आतबाहेर, आतबाहेर. वहिनी समजवायच्या, "खाली नव्या रस्त्यावर टपरी टाकू. चार मानसं सांगतान, जरा ऐका." मीही सांगितलं. त्याचं एकच, "खाली वारा नाय." मी चिडलो, म्हटलं, "वारा खाऊन पोट भरणार आहे का तुमचं?" तो म्हणाला, "डायवर, एवरी वरसं त्याच्यावरच भरला ना?" मी हॉर्न वाजवला आणि माणसं गोळा केली.

नवा रस्ता सुरू झाला. गाडी पहिल्यांदा त्या खोदलेल्या खिंडीतून गेली तेव्हा मी मान वर करून पाहिलं. दोन्हीकडे लाल मुरमाच्या उभ्या भिंती आणि उजवीकडे वर, अगदी कडेला, गोमाशेठ उभा. त्याने हात केला. मी हॉर्न दिला. थांबायला काही कारणच नव्हतं. नवी गाडी, सपाट रस्ता, वेळेचं बंधन, आणि मागे कंडक्टर घड्याळ दाखवत उभा. पुढे रोज हेच. जुना रस्ता वर तसाच होता, पण त्यावर गवत माजू लागलं. गोमाशेठने मुरमात पायऱ्या खोदल्या. चार दिवस हौसेने कोणी चढलं, मग तेही बंद झालं. तरी वर रोज सकाळी धूर निघत असे. तो धूर दिसला की मला दिवसभर कशात गोडी वाटत नसे. घरी बायको विचारायची, "काय झालंय तुम्हाला?" मला तो माणूस फार आवडायचा, एवढंच.

शेवटी एके दिवशी न राहवून मी फाट्यावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी जुन्या रस्त्याने वर घातली. कंडक्टर ओरडला, "अहो, कुठे निघालात?" मी म्हटलं, "इंजिन तापलंय. पाणी घालायचंय." तो समजला.

वर काय आनंद झाला म्हणता! "आयली, आयली!" गोमाशेठ नाचायचाच बाकी. माणसं उतरली, जुन्या प्रवाशांनी नव्यांना कर्नाळा दाखवला, वहिनींनी घाईघाईने पिठात कांदा कालवला. एक म्हातारी म्हणाली, "बया, कवाधरनं हितला चाय पिले नव्हते!" सगळ्यांना देऊन झाल्यावर गोमाशेठने पाण्याची बादली उचलली आणि गाडीपाशी आला. सवयीने त्याने बॉनेटवर पंजा ठेवला. तो तसाच ठेवून उभा राहिला.

"डायवर, ही तापली नाय."

मी म्हटलं, "नाही."

"मंग कशाला आनलीस?"

मी उगाच रेडिएटरचं झाकण चाचपलं. तोच म्हणाला, "माज्यासाटी?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी चार शब्द बोललो असतो. त्याने वळून बाकड्यांवरच्या माणसांकडे पाहिलं. सगळे मजेत खात होते. शेवटच्या माणसाचा ग्लास रिकामा होईपर्यंत तो बादली धरून तिथेच उभा राहिला. मग आत गेला आणि ते पाणी चुलीत ओतलं. राखेचा लोट दारातून बाहेर आला. वहिनी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. मी गाडी काढली.

ती दोघं उरणकडे वहिनींच्या माहेरी निघून गेली. पुढच्या की त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तो वारल्याचं कळलं, तेव्हा मी रजा काढून गेलो. वहिनींनी बसायला पाट दिला. मनात सलत होतं ते मी विचारून टाकलं, "वहिनी, शेठ माझ्यावर रागावले होते का?"

"नाय वो भावजी," त्या म्हणाल्या, "उलट तुमचा नाव काडायचे. मी बोलून थकले, बंद करा, बंद करा. त्यांना काय पटं नाय. तुमी गारी वर आनलीत, तवा त्यांना समजला, आता बंद करायला पायजे."

मी तर ते चालू राहावं म्हणून गाडी वर नेली होती.