गोलातला उतारा

दासगावच्या अलीकडे, सावित्रीकाठच्या माळावर सरकारने विमान उतरायची जागा आखली आणि मला तिथे रखवालदार नेमलं. विमान अडचणीत आलं तरच उतरणार होतं, नियम मात्र रोजचे. कडेला गवताची उडवी रचायची नाही, झाड वाढू द्यायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. मधोमध चुना लावलेल्या दगडांचा मोठा गोल होता. त्यात काडीसुद्धा पडता कामा नये.

गावाने सगळं निमूट पाळलं. घोळ एकच झाला. तो गोल नेमका जुन्या तिठ्यावर, तीन वाटा मिळत तिथे आला. आजाऱ्यावरून उतरलेला भात ठेवायची जागा पिढ्यान् पिढ्या तीच. वाटा मोडल्या तरी उतारे यायचे थांबले नाहीत. उतारा हलवला तर पीडा आजाऱ्याकडे परतते आणि कुणी खाल्ला तर खाणाऱ्याला धरते, असा आमच्याकडचा समज. मी मुंबईची गिरणी पाहिलेला माणूस, फावड्याने उचलून नदीत भिरकावायचो. शेजारचा म्हातारा एवढंच म्हणाला, "तिठ्याला सरकारचं नियम कोन सांगनार, बाबा?" मला हसू आलं होतं.

मार्गशीर्षात माझी मुलगी तापाने अंथरुणाला खिळली. वैद्याने हात टेकले. त्याच दिवसांत जागा तपासायला विमान यायचं ठरलं.

त्या सकाळी माळावर दाट धुकं होतं. तपासणीसाठी येऊन कडेला उभ्या राहिलेल्या सरकारी साहेबांनी मला गोल एकदा नजरेखालून घालायला पाठवलं. मधोमध भाताचा मुटका होता. आसपास कुणी नाही आणि त्यातून वाफ निघत होती. खाली हिरवी चिंधी, माझ्या मुलीच्या परकराची. मी फावडं घातलं तोच बायको धुक्यातून पुढे आली.

"नका उचलू. पोरीचा हाय."

वर घरघर सुरू झाली. विमान दिसत नव्हतं, आवाज तेवढा डोक्यावर घिरट्या घालत होता. साहेब गोल साफ आहे का म्हणून विचारत होते. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. फावडं टाकून मी खाली बसलो आणि तो भात हळदकुंकवासकट खाल्ला. वाफ निघत होती, पण तोंडात गार लागला. बायकोने मला अडवलं नाही.

विमान न उतरताच आंबेनळी घाटाच्या अंगाला निघून गेलं. मी घरी आलो तेव्हा मुलगी उठून बसली होती, पेज मागत होती. बायको माझ्या आधी पोचली होती. तिने माझं अंथरूण घालून ठेवलं होतं.