ढब्बूभर तंबाखू

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. वडिलांचं राजवाड्याजवळ खुल्या तंबाखूचं लहानसं दुकान होतं, माझी फी तिथूनच निघाली. मोठी वजनं सरकारी छापाची. पण चिल्लर गिऱ्हाईक जुन्या होळकरी तांब्याच्या पैशावर, ढब्बूवर, तोललं जाई. लोक मागायचेही तसंच, "भिया, एक ढब्बूभर देना." खरा तोल म्हणजे आमच्याच दुकानाचा, असं गल्लीत म्हणत. वडिलांजवळ मिरवायला तेवढंच होतं.

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, जुने पैसे चलनातून गेले. सराफ्यातला एक शेठ ते विकत घेतो असं कानावर आलं. आमच्याकडे दोन ढब्बू होते: एक तराजूचा, एक आईनं लक्ष्मीपूजनासाठी देवघरात ठेवलेला. मी उजेडात धरून पाहिले. दोन्हींवर बसलेला नंदी, सालही तेच. "जुळे आहेत, भाव एकच येईल," मी बीएच्या थाटात सांगितलं. वडील टोपी घालून सोबत निघाले.

शेठनं कडा चाचपल्या. देवघरच्या पैशावर नंदीची शिंगंसुद्धा दिसत होती. तराजूच्या पैशावर नुसती पाठ उरली होती.

"इसका अच्छा दाम दूँगा. हा दुसरा, बाईजी, तांब्याच्या भावात."

"का? साल तर तेच आहे!"

"साल से क्या होता है? अंग देखो." त्यानं सोन्याच्या काट्यात दोन्ही समोरासमोर ठेवले.

आमचा तराजूचा पैसा वर गेला. चांगला वर.

"पारडी बदला," वडील म्हणाले. बदलली. तो तिकडूनही वरच.

"काका, काटा सोने का है. झूठ नहीं बोलेगा."

भावाचं बोलणं तिथेच राहिलं. रोज पारड्यात आपटून तो पैसा झिजत गेला, आणि तेवढी चिमूट गिऱ्हाइकाच्या पुडीतून कमी होत गेली. शाळेतून आल्यावर मीही त्याच्यावरच तोलून दिलं होतं. परतताना राजवाड्यापाशी वडील थांबले. म्हणाले, "तू शिकलीस, तूच सांग. याला चोरीच म्हणतात ना?"

मी दोन्ही पैसे त्यांच्या हातात दिले.

सकाळी त्यांनी देवघरातला पैसा तराजूत आणला. आई भडकली, "अहो, लक्ष्मीचा पैसा तंबाखूत? त्याचे तर दाम येणार होते!"

"लक्ष्मीला झिजलेला चालेल. तिला काय तोलायचंय?"

पहिलं गिऱ्हाईक मिलमधला एक जुना कामगार. पुडी तळहातावर झेलत म्हणाला, "क्या भिया, लड़की पास हुई तो ज्यादा दिया?"

वडील उठून उभे राहिले. "ज्यादा नहीं. आज बराबर है." आणि भर रस्त्यावर त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याचं हसू गेलं.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. काही जण समोरच्या दुकानात गेले, ते गेलेच. मिलवाला मात्र दुसऱ्या दिवशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं वाकून काट्याकडे पाहिलं.

वडिलांनी तराजू त्याच्या डोळ्यांसमोर धरला, आणि काटा ठरेपर्यंत तसाच धरून ठेवला.