मामाचा टेक

इंग्रजीतलं एकच क्रियापद घेऊन अख्खा ऑस्ट्रेलिया खिशात घालणारा माणूस कोल्हापुरात एकच, आणि तो माझा मामा. शिरोलीच्या फाउंड्रीत त्याचं आयुष्य साचे भरण्यात गेलं. लालबुंद लोखंडाला तो कधी घाबरला नाही. पण लेक मेलबर्नहून तीन आठवड्यांसाठी येतेय आणि आठ वर्षांच्या नातीला मराठीचा गंधही नाही, हे कळल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवतो, म्हणून वही घेऊन माझ्याकडं आला. "हे बघ मास्तर, ह्या वयात सगळं काय जमायचं न्हाय. एकच शब्द दे, पण धा ठिकाणी चालंल असा. बाकीचं मी हातवाऱ्यावर भागवतो."

मी त्याला 'टेक' दिला. चहा घेणं टेक, आंघोळ करणं टेक, फोटो काढणं टेक, पायातलं काढणं टेक ऑफ. मामा उतरवून घेता घेता थबकला. "सगळीकडं घ्याच! मग ही माणसं देत्यात कवा?" त्या दिवसापासून गल्लीला चैन नाही. दूधकट्ट्यावर अनोळखी माणसापुढं धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला धरून "टेक मिल्क, पावणं!" जेवताना मामीला "टेक भाकरी!" मामी करवादली, "मला वाढाय सांगताय का जेवाय, ते एकदा ठरवा!"

नात आली आणि दोन दिवस आईच्या पदराआडून हललीच नाही. तिसऱ्या दिवशी ती बूट घालून देवघराकडं निघाली. मामा धावला, पण ऐनवेळी 'ऑफ' विसरला. "टेक चप्पल! टेक चप्पल!" पोरीनं इकडंतिकडं पाहिलं, बूट काढून मामाच्या कोल्हापुरी चपला घातल्या आणि करकर वाजवत घरभर मिरवली. मामा दाराला धरून हसत राहिला. मग दोघांची जोडी जमली ती जमलीच. मिसळ खाताना तिनं लाल तर्रीकडं बोट केलं, हा म्हणाला, "टेक, टेक!" घास गेला आणि तिच्या नाकाडोळ्यांतून धारा. "टेक पाणी! टेक साखर!" पोरीनं डोळे पुसले आणि वाटी पुढं केली, "मोअर!" मामानं गल्लीभर सांगितलं, "रगात आपलंच हाय!"

एकदा रंकाळ्याजवळ रस्ता ओलांडताना ती म्हणाली, "टेक माय हँड, आजोबा." मामा माझ्याकडं वळला, "हात घिऊन कुठं न्यायचाय रे?"

"न्यायचा नाही मामा, धरायचा."

त्यानं धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

जायच्या दिवशी सामान गाडीत चढलं. निरोपाचं 'टेक केअर' मी त्याच्याकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. मामा दारातल्या पायरीवर बसला होता. नात समोर येऊन उभी राहिली. मामानं घसा खाकरला. "टेक..." एवढंच बाहेर आलं. आजोबा काहीतरी देताहेत असं वाटून तिनं तळहात पसरला. मामाच्या हातात काहीच नव्हतं. त्यानं पायरीवर आपल्या शेजारी थाप मारली. "टेक की गं जरा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्याशी मराठीत बोलला होता. पोरगी त्याला चिकटून बसली. लेकीनं गाडीचं उघडलेलं दार लोटून दिलं आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.