मामांनी निवडलेला जुना लॅपटॉप

माझ्या बायकोचे मामा दुकानात शिरले, की भल्याभल्या दुकानदाराला आपण या धंद्यात का पडलो असं वाटायला लागतं. जन्मभर रोह्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये मशीनचे आवाज ऐकले, आणि निवृत्त झाल्यावर तोच कान त्यांनी जगाला लावला. नारळ घ्यायचा तर अख्खा ढीग हलवून ऐकणार. पंखा घ्यायचा तर दुकानातले बाकीचे पंखे बंद करायला लावणार. लग्नाआधी मला बघायला पेणला रामवाडीत आले, तेव्हा चहा संपेपर्यंत गप्प होते. जाताना माझ्या भावी सासऱ्यांना एवढंच म्हणाले, "खोकला कोरडा हाय. चालंल."

विश्वास फक्त जुन्या वस्तूंवर. "नवीन वस्तू म्हंजे परीक्षेला न बसलेला पोरगा. जुनी निदान कशात नापास ते तरी कळतं."

मामी याच्या अगदी उलट. कुठलीही वस्तू न बघता घेणार आणि मग तिच्याबद्दल आठवडाभर बोलणार. त्या मामींना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. त्या घरात मामांच्या कानाला ऐकायला काही उरलंच नाही. कुणीतरी सुचवलं, डाव्या हाताने टाइप करून बघू द्या. मोबाइलवर मामींचं बोट घसरायचं, म्हणून मामांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं, अर्थात जुना. "नव्याची बटणं पापडासारखी चपटी. जुन्याची बोटाला लागतात." आणि गाडी माझ्याकडे असल्यामुळे माझे सगळे रविवार त्यात गेले.

पेणच्या दुकानात त्यांनी पहिल्याच लॅपटॉपला कान लावला आणि "दमेकरी हाय" म्हणून खाली ठेवला. दुसरा समोर आला तेव्हा डोळे मिटून, उजवा हात पाठीमागे धरून, डाव्या हाताने एकेक बटण दाबत बसले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार म्हणाला, "काका, विंडोज कुठलं आहे ते तरी बघा!"

"खिडक्या मागनं बघू. आधी दार उघडू दे."

खांब गावात एक जण घरचा लॅपटॉप विकतोय असं कळलं. तिथे मामांनी आधी त्याच्या आईची उलटतपासणी घेतली, "का विकताव? कुणाच्या हातून पडला व्हता का?" सगळं जमत आलं होतं, पण ज्या बटणावर मराठी 'ळ' येणार होता ते जरा जड लागलं. तेवढ्यावरून नाकारला. "शेजारणीशी केळीवरून भांडताना ती ळ शिवाय काय करंल?"

असं महिनोन्महिने चाललं होतं. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मामा, आता कुठला तरी घ्या हो!" ते गाडीच्या काचेतून बाहेर बघत हळूच म्हणाले, "घाईत घेतला, आन् तिचा एखादा शब्द आत अडाकला तर?" पुढच्या रविवारी मी न सांगता गाडी काढली.

रोह्याच्या बाजारातच अखेर एक सापडला. काळा, जाडजूड, कोपरे झिजलेला. मामांनी डोळे मिटले, सगळी बटणं दाबली आणि म्हणाले, "ह्यो."

घरी आणून मराठी अक्षरांची स्टिकरं लावली. मामींना उशी देऊन समोर बसवलं. त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं, खूप वेळ फिरवलं, आणि हात मांडीवर परत घेतला. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, नुसती जीभ नव्हे, मनातली अक्षरंच पुसली गेली आहेत. कदाचित येतील, कदाचित नाही. मामांनी एकच विचारलं, "मी उशीर केला का?"

"नाही हो, त्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. मीही तेच सांगितलं. पण तो दोष मामांनी स्वतःकडे ठेवून घेतला तो ठेवलाच.

परवा रोह्याला गेलो तर मामा दारातूनच मला ओढत आत घेऊन गेले. पडद्यावर 'व' होता. एका ओळीत, दुसऱ्या ओळीत, खालपर्यंत नुसता 'व'.

"सकाळी बोलली," मामा म्हणाले. "केवढं बोलली बघ!"

मामी खाटेवर बसून त्यांच्याकडेच बघत होत्या. मामांनी चष्मा चढवला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्या ओळींच्या खाली एका बोटाने अक्षरं शोधायला लागले.

"थांब गो जरा," ते मान वर न करता म्हणाले. "येवढ्याचं उत्तर द्यायचं म्हंजे टाइम लागंल."