माउथपीसवरचे दात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मला चहात टाकलेली जास्तीची साखरसुद्धा लपवता येत नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

मी सारंगखेड्यात क्लॅरिनेटचे जुने माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचे कडक काळ्या रबराचे तुकडे, दुरुस्त करतो. बहुतेक लग्नातल्या बँडवाल्यांचे — कड उडालेले, वाकलेले, हिरवट पडलेले. काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा आणि हातानेच घासायचं. केसभर जास्त झालं की सूर गेलाच. माझ्या हाताचं नाव सुरतेपर्यंत आहे. बघा — कबूल करायला बसलो आणि आधी स्वतःचीच टिमकी वाजवली! खोडच आहे ती. पुढचं सगळं त्या खोडीपायीच झालं.

चार वर्षांपूर्वी नवापूरकडच्या डोंगरातून मार्थाबाई आल्या. त्यांचा नवरा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, रविवारी चर्चमध्येही. तो वारला होता. आता मुलगी त्याचंच वाद्य शिकत होती आणि नाताळच्या उपासनेत वाजवणार होती. माउथपीसच्या टोकाची कड उडाली होती, तेवढी नीट करायची होती. वाजवताना वरचे दात माउथपीसच्या पाठीवर टेकतात. वर्षानुवर्षं टेकून तिथे दोन खळगे पडले होते. त्यांवर अंगठा ठेवून बाई म्हणाल्या, "दादा, हे त्याचे दात आहेत. हे राहू दे. पोर तिथंच दात ठेवणार."

"मावशी, चिंता नको करू. दातस्ले हात बी लावाव नही," मी आमच्या अहिराणीत शब्द दिला.

कड झकास जमली. तिथेच थांबायचं ना? फडक्यात गुंडाळून ठेवायचं ना? पण ती हिरवट पाठ मला बघवेना. असलं काम माझ्या हातून बाहेर जाणार? मी पेपर फिरवायला लागलो. विसरून झालं, असं नंतर स्वतःला कितीदा तरी सांगून बघितलं. खोटं आहे ते. खळगे मला दिसत होते. वाटलं, जरासं उजळू, ते राहतील — आणि फिरवतच राहिलो. पाठ काळीभोर चमकायला लागली. बोट फिरवलं, तर काहीच लागलं नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. बाई रडल्या असत्या, मला बोलल्या असत्या. बोलू द्यायचं होतं. मी काय केलं? मी माझ्या वरच्या दातांना काजळ लावलं, माउथपीस तोंडात धरला आणि चावलो. जिथे ठसा उमटला, तिथे बारीक कानशीने दोन खळगे पाडले. तेल आणि चहाची पूड चोळून ते जुने केले. आणि आणखी लाजेची गोष्ट सांगू? जमतंय हे बघून मला मनातून बरं वाटत होतं.

बाईंनी खळग्यांवरून अंगठा फिरवला, डोळे मिटले, माउथपीस कपाळाला लावला. नाताळला यायचंच, म्हणाल्या. मी गेलो. नाही म्हणायची हिंमत कुठे होती? मुलीने फार सुंदर वाजवलं. उपासना झाल्यावर बाईंनी माझा हात धरून मला शेजारणींपुढे उभं केलं आणि माउथपीस दाखवत म्हणाल्या, "त्याचा एक दात जरा पुढे होता, बघा. मी तर विसरलीच होती. या दादाने साफ केलं, तेव्हा दिसलं."

पुढे आलेला तो दात माझा आहे. मी ओठ घट्ट मिटून मान हलवली.

त्यांच्या घरात नवऱ्याचा एकच फोटो, तोही तोंड मिटलेला. गेल्या महिन्यात मुलीने त्यावरून मोठं चित्र काढून घेतलं. आईच्या सांगण्यावरून चित्रकाराने त्याला हसवलंय. पोरीने कौतुकाने ते मला मोबाइलवर पाठवलं. चित्रात तो हसतोय, आणि त्याच्या तोंडात माझा दात आहे.

मी तिला लिहिलं, 'छान झालंय.'